औद्योगिक प्रशिक्षक

खाजगी कारखाने, कंपन्या व व्यापारी संस्था यांमधील कामगारांना आणि इतर कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष कामाच्या जागी किंवा कामाशी निगडित अशा वर्गांतून त्यांच्या कामाचे शिक्षण देणारी व्यक्ती. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील शिल्पनिदेशक यांच्यापासून औद्योगिक प्रशिक्षक वेगळा मानला जातो. कारण तो मालकाचा नोकर असतो व त्याच्या शिकविण्याचे मोल परीक्षेच्या निकालावर नव्हे, तर उत्पादनावर ठरते. वैद्यक, वकिली किंवा शाळामास्तरकी यांप्रमाणे या व्यवसायात शिरण्याचे एकच ठराविक दार कधीच नव्हते. कुशल कारागीर, मुकादम, अभियंता, शिक्षक, विक्रेता, कामगार कल्याण अधिकारी, मानसशास्त्रज्ञ असे नाना प्रकारचे लोक त्यात आले आणि बहुतेक जण दुसरेच काही होण्यासाठी निघालेले होते. त्यामुळे या व्यवसायाच्या इतिहासात एकच प्रश्न पुनःपुन्हा उद्‌भवलेला दिसतो : काम जाणणाऱ्याला शिकविण्याची कला शिकवावी, की शिकविण्याची कला जाणणाऱ्याला काम शिकवावे? या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या काळी निरनिराळे दिले गेले. नव्या कामगाराच्या वाट्याला कोणता गुरू येणार, हे त्या उत्तरावर अवलंबून राहिले.

पूर्वपीठिका : यूरोपातील कारागीर श्रेणींमध्ये काय किंवा भारतातील कारखान्यांत काय, उस्तादाला शिकविण्याचे वेगळे शिक्षण मिळत नसे. तो स्वतः जसा शिकला, तसाच तो शिकवी. यंत्रयुगात एकेका कामाचे तुकडे पडले, उमेदवारीचा दीर्घ काळ मालकाला परवडेनासा झाला आणि नवा मजूर जुन्या मजुराच्या शेजारी उभा करून देण्याची प्रथा पडली. जुना मजूर बहुधा अंगावरच्या कामाचा मोबदला घेणारा असल्यामुळे शिकविण्यात गेलेला वेळ त्याच्या कमाईतून कापला जाई. असा गुरू हातचे राखून शिकवी, यात नवल नाही.

अमेरिकेतील प्रारंभ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या आवारातच शाळा काढल्या. मुद्रणयंत्रे बनविणाऱ्या न्यूयॉर्कच्या हो आणि कंपनीची शाळा (१८७२) ही त्यांतील आद्य समजली जाते. पुढे वेस्टिंगहाउस, जनरल इलेक्ट्रिक इ. कंपन्यांनी हा मार्ग चोखाळला. नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीने तर विक्रेत्यांसाठीही शाळा चालविली. १९१३ मध्ये अशा कंपन्यांनी आपली एक राष्ट्रीय संघटनाही स्थापिली. या शाळांतून गणित, आरेखन यांसारखे विषय शिकविणारे शिक्षक मिळत. परंतु कर्मशाळेतील कसब शिकविण्यासाठी जो फोरमन नेमला जाई, त्याच्या अध्यापनाचा दर्जा त्याच्या स्वभावावर सोडून दिलेला असे.

या स्थितीला पहिला पद्धतशीर छेद दिला तो चार्ल्स आर्. ॲलन यांनी. ते मॅसॅचूसेट्स राज्यातील व्यवसायशिक्षण खात्यात काम केलेले शिक्षणतज्ञ होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला जहाजे तातडीने हवी होती आणि गोद्यांतील मजुरांची संख्या अल्पावधीत कित्येक पटींनी वाढवावयाची होती. एवढ्या लोकांना शिकविण्यासाठी शिक्षक आणावयाचे कोठून? ॲलन यांनी शाळांकडे न वळता गोद्यांतील कसबी कारागीरच निवडले आणि त्यांना थोड्या अवधीत शिकविण्याची रीत शिकविली. ही रीत त्यांनी द इन्स्ट्रक्टर, द मॅन अँड द जॉब (१९१९) या ग्रंथात मांडली. पूर्वतयारी, मांडणी, उपयोजन व कसोटी या तिच्या चार पायऱ्या होत. महाराष्ट्रातील जुन्या अध्यापन विद्यालयांत शिकलेल्या वाचकांना त्यांत ओळखीची खूण पटेल. कारण जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट याच्या अनुयायांनी रूढ केलेल्या ज्या पंचपदीचे पाठ तेथील छात्राध्यापक घोकत असत, तिचेच हे कारखान्यात उतरलेले रूप होते. वर्गासाठी घडविलेले शास्त्र लोखंडाला रिव्हेट मारणाऱ्याच्या हाती देणे हे ॲलन यांचे खरे कर्तृत्व. काम जाणणारा माणूस दुर्मिळ आणि घडावयास वर्षे लागणारा, तर शिकविण्याची रीत दिवसांत देता येण्याजोगी, असे त्यामागील गणित होते.

युद्ध संपताच हा प्रयोग बराचसा विस्मृतीत गेला. त्यातून तयार झालेली काही माणसे मात्र मोठ्या कंपन्यांत टिकून राहिली.

उद्योगांतर्गत प्रशिक्षण सेवा : १९४० च्या उन्हाळ्यात, फ्रान्सच्या पाडावानंतर, अमेरिकेने युद्धसामग्रीचे उत्पादन वाढविण्यास प्रारंभ केला. तेव्हा ऑगस्ट १९४० मध्ये उद्योगांतर्गत प्रशिक्षण सेवा स्थापन झाली. ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री या इंग्रजी नावाच्या ‘टीडब्ल्यूआय’ या आद्याक्षरांनीच ती जगभर ओळखली जाते. तिचे चार प्रमुख म्हणजे चॅनिंग डूली, वॉल्टर डिट्झ, मायकेल केन आणि विल्यम कॉनोव्हर. यांपैकी एकही विद्यापीठातील शिक्षणशास्त्रज्ञ नव्हता. डूली हे विद्युत् अभियंते असून वेस्टिंगहाउसच्या शिक्षण विभागातून पुढे तेलउद्योगात गेलेले होते. डिट्झ वेस्टर्न इलेक्ट्रिकमधून, केन दूरध्वनी कंपनीतून आणि कॉनोव्हर पोलादउद्योगातून आले. केन यांनी पहिल्या महायुद्धात ॲलन यांच्याबरोबर काम केले होते. चार पायऱ्यांचा धागा पुन्हा हाती लागला तो त्यांच्यामुळे.

पहिली कसोटी भिंगांची होती. शस्त्रास्त्रांच्या दूरदर्शी साधनांसाठी भिंगे घासून तयार करणारे सु. ३५० कुशल कारागीर तातडीने हवे होते आणि त्या कामाची उमेदवारी वर्षानुवर्षांची समजली जाई. केन व त्यांचे सहकारी यांनी या कामाचे बारकाईने पृथक्करण केले, तेव्हा भिंगकाराच्या हातून होणाऱ्या अनेक कामांपैकी बरीचशी साध्या कामगारांकडे सोपविता येतात, असे दिसून आले. उरलेल्या थोड्या कौशल्याच्या कामांत नेमक्या कोणत्या ठिकाणी हात अडतो, हे अनुभवी कारागिरांना विचारून नोंदविण्यात आले. त्या मर्मस्थानांवर भर देऊन शिकविल्यास वर्षांची उमेदवारी काही महिन्यांवर आणता येते, असे ठरले. जुन्या कारागिराला ही मर्मस्थाने ठाऊक असतात, पण ती आपल्याला ठाऊक आहेत हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो ती सांगत नाही. प्रशिक्षकाच्या तयारीची पुढील सर्व उभारणी या एका निरीक्षणावर झाली आहे.

त्यातून पर्यवेक्षकांसाठी प्रत्येकी दहा तासांचे तीन पाठ्यक्रम तयार झाले : काम शिकविणे, कामाची पद्धत सुधारणे आणि माणसांशी वागणे. दोन-दोन तासांच्या पाच बैठका व दहाच्या आसपास पर्यवेक्षक, असे वर्गाचे स्वरूप होते. पहिल्या पाठ्यक्रमातील एक प्रयोग पुढे फार गाजला. दिव्याच्या तारेला विजेचे कारागीर एक विशिष्ट गाठ मारतात. प्रशिक्षक प्रथम ती गाठ कशी मारावी हे केवळ तोंडाने सांगे. समोरच्या पर्यवेक्षकाला ती जमत नसे. नंतर तो न बोलता ती केवळ करून दाखवी. तरीही ती बहुधा जमत नसे. मग शिकणाऱ्याची मनाची तयारी करणे, एकेक टप्पा मर्मस्थानांसह सांगून व दाखवून देणे, त्याच्याकडून करवून घेणे व पुढे लक्ष ठेवणे या चार पायऱ्यांनी ती शिकविली, की तोच माणूस गाठ मारी. वीस वर्षे मजुरांना शिकवीत आलेल्या फोरमनना आपण आजवर केवळ सांगत किंवा दाखवीत होतो, शिकवीत नव्हतो, याची जाणीव या एका गाठीने होई. पाठ्यक्रमाच्या अखेरीस हाती पडे ते खिशात मावेल असे एक कार्ड. मजूर शिकला नाही, तर दोष मजुराचा नसून शिकविणाऱ्याचा, हे त्यामागील सूत्र होते आणि त्या काळच्या कारखानदारीत ते बरेच धाडसाचे होते.

हे वर्ग घेणारे प्रशिक्षक बहुतांशी कंपन्यांनी उसने दिलेले पर्यवेक्षक व अधिकारी होते. त्यांची तयारी अल्पकालीन पण काटेकोर असे. पाठ घेताना पुस्तिका हाती धरावी व तिच्यातील क्रम मोडू नये, असा दंडक होता. आपल्या अनुभवाच्या गोष्टी सांगत रमणाऱ्या हुशार वक्त्यापेक्षा पुस्तिका पाळणारा साधा फोरमन अधिक उपयोगी, असे सेवेचे मत बनले. व्याख्यानाची आवड असलेल्यांना हे जाचक वाटे. पण प्रशिक्षक वरच्यावर तयार करावयाचे आणि त्यांनी पुढे आणखी प्रशिक्षक तयार करावयाचे, तर दर टप्प्यावर होणारी झीज थांबविण्यास दुसरा उपाय नव्हता. सप्टेंबर १९४५ मध्ये सेवा बंद झाली, तोवर सु. २३,००० प्रशिक्षक तयार झाले होते आणि १६,५०० हून अधिक कारखान्यांतील सु. साडेसतरा लाख पर्यवेक्षकांना प्रमाणपत्रे मिळाली होती.

माणसांशी वागण्याचा जो तिसरा पाठ्यक्रम होता, त्याच्या घडणीत हार्व्हर्डच्या फ्रिट्झ रोथलिसबर्गर यांचा सल्ला घेण्यात आला होता. मानसशास्त्र व समाजशास्त्र या विद्यांचा कारखान्यातील प्रशिक्षणात झालेला हा प्रवेश तेव्हा किरकोळ वाटला, परंतु पुढील दोन दशकांत त्याने व्यवसायाचा तोंडवळाच बदलला.

व्यवसायाची घडण : युद्धकाळातच, १९४३ मध्ये, अमेरिकेतील प्रशिक्षणाधिकाऱ्यांनी आपली संघटना स्थापिली. १९६४ मध्ये तिचे नाव अमेरिकन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट असे झाले व २०१४ मध्ये ते पुन्हा बदलून त्यातील ‘प्रशिक्षण’ हा शब्दच गळाला. १९४७ पासून मेन राज्यातील बेथेल येथे कुर्ट ल्यूइन यांच्या शिष्यांनी गटप्रक्रियेचे प्रयोग सुरू केले. ‘प्रशिक्षक’ म्हणजे यंत्राशेजारी उभा राहणारा माणूस नव्हे, तर वर्तुळात बसलेल्या व्यवस्थापकांना एकमेकांविषयीच्या भावना बोलून दाखविण्यास प्रवृत्त करणारा मानसशास्त्रज्ञ, हा नवा अर्थ येथून रूढ झाला. कंपन्यांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. या प्रशिक्षकांची विद्वत्ता निर्विवाद होती; त्यांच्यापैकी पुष्कळांनी कर्मशाळेचा उंबरठा मात्र ओलांडला नव्हता.

त्याचा परिणाम काय झाला, हे एडविन फ्लाइशमन यांच्या इंटरनॅशनल हार्व्हेस्टर या कंपनीतील अभ्यासाने (१९५३) दाखवून दिले. माणसांशी सौजन्याने कसे वागावे, याचे शिक्षण घेऊन फोरमन कामावर परतत. परंतु त्यांचा वरिष्ठ जुन्याच वळणाचा असेल, तर वर्गातील शिकवण फार काळ टिकत नसे. वर्गात केवळ आमंत्रणावरून येणाऱ्या आणि कारखान्याच्या दैनंदिन कारभारात काहीही अधिकार नसलेल्या प्रशिक्षकाला या अडचणीवर इलाज नव्हता. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डोनल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाची चार पातळ्यांची कल्पना याच चिंतेतून लोकप्रिय झाली : शिकणाऱ्याला वर्ग आवडला का, तो काही शिकला का, कामावर त्याचे वागणे बदलले का आणि कारखान्याला त्याचे फळ मिळाले का. व्यवहारात बहुतेक प्रशिक्षक पहिल्या पातळीवरच थांबले, कारण ती मोजणे सर्वांत सोपे असते.

लेनर्ड नॅड्लर यांनी १९६९ च्या सुमारास ‘मानवी साधनसंपत्ती विकास’ ही संज्ञा प्रचारात आणली. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील त्यांच्या अध्यापनामुळे या विषयाला पदव्युत्तर शिक्षणाची प्रतिष्ठा लाभली. १९७८ मध्ये व पुढे १९८३ मध्ये अमेरिकन संघटनेने प्रशिक्षकाच्या भूमिका व क्षमता निश्चित करणारे मोठे अभ्यास प्रसिद्ध केले. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली : ‘प्रशिक्षक’ या एका नावाखाली पाठ घेणारा, पाठ रचणारा, गरजांचा शोध घेणारा व विभाग चालविणारा अशी निरनिराळी माणसे वावरत होती आणि त्यांना लागणारी तयारीही एकसारखी नव्हती.

अन्य देश : ग्रेट ब्रिटनमध्ये १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण अधिनियमान्वये उद्योगवार मंडळे स्थापन होऊन कारखान्यांवर कर बसला. कर भरावा लागतो म्हणून प्रशिक्षण आणि प्रशिक्षण दाखवावे लागते म्हणून प्रशिक्षणाधिकारी, अशी या पदाची घाईघाईने वाढ झाली. निवृत्तीस आलेले सैनिकी अधिकारी आणि इतरत्र न सामावणारे पर्यवेक्षक या जागांवर बसविले जातात, अशी टीकाही झाली. जर्मनीने याउलट कायद्याचा मार्ग पत्करला. तेथे हस्तव्यवसायात ‘माइस्टर’ पदवी मिळविणाऱ्याला शिकविण्याचीही परीक्षा द्यावी लागे. तेच तत्त्व १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्यानंतर, १९७२ मध्ये, उद्योगांना लागू करण्यात येऊन शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या कारखान्यात अध्यापनपात्रता सिद्ध केलेला प्रशिक्षक असणे बंधनकारक झाले. अधिक कारखान्यांनी उमेदवार घ्यावेत म्हणून २००३ मध्ये ही अट स्थगित करण्यात आली. पात्र प्रशिक्षक नसलेल्या कारखान्यांत उमेदवारी अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण अधिक असल्याचे निदर्शनास आल्यावर २००९ मध्ये ती पुन्हा लागू झाली. प्रशिक्षकाच्या तयारीचे मोल एखाद्या देशाने ती काही वर्षे वगळून ताडून पाहावे, असे उदाहरण विरळा.

जपानमध्ये टीडब्ल्यूआयचे पाठ अमेरिकन अंमलाच्या काळात पोहोचले. १९५१ मध्ये लोवेल मेलन यांच्या नेतृत्वाखालील एका छोट्या तुकडीने तेथे प्रशिक्षक तयार केले. मूळ देशात ही पद्धत मागे पडत असताना जपानी कारखान्यांनी, विशेषतः टोयोटाने, ती पर्यवेक्षकाच्या नित्याच्या कामाचा भाग बनविली. शिकविणे हे तेथे वेगळ्या विभागाचे काम न राहता गटप्रमुखाचे कर्तव्य ठरले.

भारत : मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या, तेव्हापासून सु. ऐंशी वर्षे कारखान्यातील खरा प्रशिक्षक जॉबर हा होता. तो मजुरांची भरती करी, त्यांच्यावर देखरेख ठेवी, यंत्रे लावून देई आणि नव्या माणसाला काम शिकवी. सूत गुंडाळण्याच्या खात्यातील स्त्रियांवर नाईकीण असे. कोकण किंवा देशावरून आलेला तरुण गाववाल्याच्या ओळखीने खात्यात शिरे, काही दिवस बिनपगारी हाताखाली राबे आणि मग बदली म्हणून उभा राही. जॉबर स्वतः साच्यावर घडलेला असल्यामुळे त्याच्या कामाच्या ज्ञानाविषयी शंका नव्हती. परंतु त्याच्या लेखी शिकविणे हे उपकाराचे साधन होते व त्याची परतफेड दस्तुरीने करावी लागे. याच्या दुसऱ्या टोकाला व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून (१८८७) शिकून निघालेले तंत्रज्ञ होते. ते खातेप्रमुख होत. पण त्यांचे ज्ञान आणि साच्यावरील मजूर यांच्यामध्ये जॉबर उभा असे.

भारतातील श्रमविषयक शाही आयोगाने (१९२९–३१) जॉबरच्या हाती एकवटलेल्या सत्तेवर कडक टीका करून भरती व बडतर्फी यांचे अधिकार त्याच्याकडून काढून घेण्याची शिफारस केली. मुंबईत १९३५ पासून बदली नियंत्रणाची योजनाही सुरू झाली. हा सुधार आवश्यकच होता. परंतु जॉबरचे अधिकार काढून घेणाऱ्यांनी भरतीसाठी नवा अधिकारी नेमला, शिकविण्यासाठी कोणीच नेमला नाही. ज्याच्याकडे ते काम अनौपचारिकपणे होते, त्याचा त्यातील स्वार्थ नाहीसा झाला आणि त्या जागी कर्तव्य म्हणून काही ठेवले गेले नाही.

ही पोकळी भरून काढण्याचा पहिला जाणीवपूर्वक प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ञांच्या साहाय्याने १९५० च्या दशकात अहमदाबाद व मुंबई येथील गिरण्यांत टीडब्ल्यूआयचे पाठ देण्यात आले. मुंबईत त्यासाठी केंद्र निघाले व पुढे शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेने हे काम चालविले. बाकीच्या खाजगी उद्योगांत मोजक्यांनीच आपली व्यवस्था उभारली. टाटा पोलाद कंपनीची जमशेटपूर येथील तांत्रिक संस्था १९२१ पासूनची आहे. पुण्यात टेल्कोने १९६६ मध्ये प्रशिक्षण विभाग उभारला. तेथून बाहेर पडलेल्या शिकाऊ उमेदवारांनी पिंपरी-चिंचवड परिसरातील पुष्कळ कर्मशाळा भरल्या.

शासनाने प्रशिक्षकांच्या तयारीसाठी बिलासपूरजवळील कोनी येथे १९४८ मध्ये केंद्रीय संस्था काढली व पुढे मुंबई, कानपूर, मद्रास, हैदराबाद इ. ठिकाणी तशा संस्था झाल्या. आता त्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणून ओळखल्या जातात. मात्र त्यांचा लाभ मुख्यतः शासकीय संस्थांतील शिल्पनिदेशकांना झाला. शिकाऊ उमेदवार अधिनियमाने (१९६१) मालक स्वतः त्या व्यवसायात पात्र नसेल, तर विहित पात्रतेची व्यक्ती उमेदवारांच्या प्रशिक्षणावर नेमण्याचे बंधन त्याच्यावर घातले. या पात्रतेत भर व्यवसायाच्या ज्ञानावर राहिला. जर्मनीप्रमाणे अध्यापनाच्या स्वतंत्र परीक्षेला तिच्यात स्थान मिळाले नाही.

व्यवस्थापकीय वर्गाच्या प्रशिक्षणाचा प्रवाह वेगळ्या उगमातून आला. कारखाने अधिनियमाने (१९४८) पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६), जमशेटपूरची झेव्हियर श्रमसंबंध संस्था (१९४९) इ. ठिकाणी शिकलेले पदवीधर या पदांवर आले. अनेक कंपन्यांत प्रशिक्षण विभाग हा त्यांच्याच खात्याची एक शाखा म्हणून वाढला. १९७० मध्ये प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना दिल्लीत स्थापन झाली. १९७४-७५ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक व टी. व्ही. राव या मानसशास्त्रज्ञांनी लार्सन अँड टूब्रो या कंपनीसाठी मानवी साधनसंपत्ती विकासाची एकात्म योजना आखली. पुढील दशकात बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. तथापि या विभागांचे लक्ष अधिकाऱ्यांवर केंद्रित झाले. कर्मशाळेतील मजुराला कोण शिकवितो, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला. कंत्राटी मजुरांच्या बाबतीत तर तो बहुधा विचारलाही जात नाही.

एकविसाव्या शतकात कौशल्यविकासाच्या राष्ट्रीय धोरणामुळे (२०१५) उद्योगक्षेत्रवार परिषदांमार्फत प्रशिक्षकांचे अल्पकालीन वर्ग व प्रमाणपत्रे सुरू झाली आहेत. चाकण परिसरातील मोटारउद्योगात ‘डोजो’ या जपानी नावाने ओळखल्या जाणाऱ्या खोल्या दिसतात. उत्पादनरेषेवर जाण्यापूर्वी नवा कामगार तेथे बोल्ट आवळणे, तारा जोडणे यांसारख्या एकेका क्रियेचा सराव करतो. शिकविणारा बहुधा रेषेवर काही वर्षे काम केलेलाच कामगार असतो. त्याच्यासमोरच्या फलकावर एकेका क्रियेचे टप्पे व त्यांतील मर्मस्थाने लिहिलेली असतात. ही पद्धत तेथे जपानी म्हणूनच शिकविली जाते.